मामाजींची कवळी

मला माणसांच्या तोंडाची किळस येते. लहानपणापासून येते. कोणी माझ्यासमोर जांभई दिली की मी मान फिरवते, आणि कोणी घास तोंडात ठेवून बोलायला लागलं की माझा घास घशात अडकतो. भैंसा गावी, माहेरी, आई म्हणायची, "हिच्यासाठी बिनतोंडाचा नवरा पाहा बाई कोणी." नवरा मिळाला तो चांगला बत्तीस दातांचा मिळाला, आणि घर असं मिळालं की तिथे दिवसच तोंडं उघडून सुरू व्हायचा.

सासरचं गाव वांकिडीच्या बाजूला, तेव्हाच्या आंध्रात, पार शिवेवर. चार वावरं ओलांडली की महाराष्ट्र. ऐंशी सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी तिथे सून म्हणून आले. कापूस आणि ज्वारी पिकवणारं घर, खाऊनपिऊन सुखी. पण काय सांगू ती सकाळ! न्हाणीपाशी ओळीने सगळे उकिडवे बसलेले. कोणाच्या हातात राख, कोणाच्या कोळसा, कोणाच्या कडुनिंबाची काडी. बोटं घशापर्यंत घालायची आणि ख्याक करून असं खाकरायचं की गोठ्यातली वासरं दचकायची. त्या ओळीच्या टोकाला माझ्या सासूबाई, आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, मिसरी लावत बसायच्या.

मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तव्यावर काळीठिक्कर होईपर्यंत भाजायची आणि कुटून डबीत भरायची. तवा तोच, भाकरीचा. मी पहिल्या दिवशी ते पाहिलं आणि त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही. आत्याबाई बोटावर मिसरी घेऊन दातांवर घासत बसत, ऊन न्हाणीवर येईपर्यंत घासत, आणि काळी थुंकी शेवग्याच्या बुंध्यात सोडत. त्या शेवग्याच्या शेंगा मी त्या घरात कधी खाल्ल्या नाहीत. खोटं बोलत नाही.

तेव्हा त्यांचे पुढचे दात होते. पण कसे? हिरड्या मागे सरलेल्या, मुळं उघडी पडलेली, त्यामुळे दात लांबच लांब दिसायचे. वरचे दात बाहेर निघून पंख्यासारखे फाकलेले, दोन दातांच्या मधून ज्वारीचा दाणा जावा. खालचे त्याच्या उलटे, एकमेकांच्या अंगावर चढलेले. दाढा पिठात उतरणाऱ्या जात्याच्या दगडाच्या कचीने घासून सपाट झालेल्या. मी विचारलं, असे वाकडे जन्मापासून आहेत का? त्या हसल्या. "नाही व. नवरी होती तवा सरळ ओळ होती. वय झालं का दात चालाले लागते. मानसाले बसवते अन् सोता चालते." आणि जिभेने एक दात मागेपुढे हलवून दाखवला. शी! मी उठूनच गेले.

मग ते एकेक करून पडायला लागले. हलणारा दात त्या दिवसभर जिभेने ढोसत बसायच्या, संध्याकाळी दोरा बांधून ओढायच्या आणि तळहातावर घेऊन मला दाखवायला चुलीपाशी यायच्या. "पाय व, केवढं मूळ निघालं." पीठ मळताना मला हे पाहायचं! मग अंगणात जाऊन तो दात कवेलूवर, छपराच्या कौलांवर, फेकायच्या, लहान पोरांचे दुधाचे दात फेकतात तसा, आणि वर तेच पोरांचं म्हणणं म्हणायच्या, "उंदरा उंदरा, माहा घे, तुहा दे." आणि एकट्याच खो खो हसायच्या. मला त्या हसण्यातही पडलेल्या दातांच्या जागाच दिसायच्या. आमच्या कवेलूवर म्हातारीची अर्धी बत्तिशी पडून आहे, हे आठवलं की पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी भांड्यात धरायला माझा हात धजायचा नाही.

त्याच सुमाराला सासरेबुवांचेही दात गेले. त्यांना मी मामाजी म्हणायची. त्यांचे गेले म्हणजे घरावर आभाळ कोसळलं. मामाजींना कचेरीत जायची भारी हौस. निजामाच्या काळातली उर्दू त्यांच्या जिभेवर होती, कोणाचीही दरखास्त असो, कसलाही अर्ज असो, मामाजी पुढे. दात गेल्यावर 'दरखास्त' म्हणताना समोरच्याच्या कागदावर थुंकी उडायला लागली. झालं! मामाजी चंद्रपूरला गेले, चार खेपा केल्या आणि वरची-खालची पूर्ण कवळी घालून आले. पांढरे, सारखे, मोठमोठे दात. तोंड मिटलं तरी वरचा ओठ पुढे आल्यासारखा दिसायचा. गावातली माणसं पाहायला आली. मामाजी कवळी काढून हातात द्यायचे, लोक ती उलटीपालटी करून एकमेकांना द्यायचे, आणि शेवटी मामाजी ती तशीच तोंडात टाकायचे. मी आतून पाहत होते.

त्या दिवशी सगळे निघून गेल्यावर आत्याबाई उंबऱ्याशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मलेही बसवून द्या ना जी."

मामाजी म्हणाले, "तुले काऊन पायजे? तुले काय तहसीलदारासमोर बोलाचं हाय?"

आमचे हे तिथेच बसले होते. हे म्हणाले, "मायले दात बसवले तं आमालेच चावंल ते." बापलेक दोघेही दात काढून हसले. आत्याबाईही हसल्या, पदराने तोंड झाकून. तेवढ्यावर तो विषय संपला.

त्यानंतरची वर्षं मला ताटांवरून आठवतात. एकीकडे मामाजी. कवळी आल्यापासून हा माणूस हट्टाने कडक ते खायचा. मटणाची नळी फोडायचा, ऊस सोलायचा. उसानेच वरचा पुढचा एक दात कोपऱ्यात टवका उडून तिरका झाला, त्याचंही त्यांना कौतुक. जेवण झालं की ताटावरच कवळी बाहेर काढायची, तिला लागलेलं जिभेने चाटून घ्यायचं आणि पाणी प्यायच्या पेल्यात खळखळ करून धुवायची. तो पेला मी खिळ्याने खूण करून वेगळा ठेवला. पाहुणे आले की त्यांनाही नेमका तोच पेला कोणीतरी द्यायचं. मी पाहत राहायची. सांगणार तरी काय?

दुसरीकडे आत्याबाई. भाकरी कुस्करून वरणात भिजत घालायच्या, तिचा लगदा होईपर्यंत थांबायच्या, मग बोटांनी तो लगदा तोंडात सोडून हिरड्यांनी चघळायच्या. चपचप आवाज व्हायचा. ओठ आत गेलेले, गाल आत गेलेले, हनुवटी वर चढून नाकाला टेकायला निघालेली. ओठांच्या कोपऱ्यातून वरण गळायचं, तिथली कातडी कायम ओली आणि लाल. मी त्यांच्या पंगतीला बसतच नव्हते. मामाजी म्हणायचे, "पोपट जेवून राह्यला पाय." त्यांना स्वतःच्या बायकोचा पोपट झालेला दिसत होता, पण त्याचं कारण दिसत नव्हतं. बैलबाजारात हाच माणूस दहा बैलांचे ओठ उचलून बघायचा. हा चार दाती, हा सहा दाती, हा जुळला, आठही दात आले, हा म्हातारा झाला, नको. बैलाच्या तोंडात हात घालायला किळस नाही. बायकोच्या तोंडात काय उरलंय, ते मात्र कधी पाहिलं नाही.

आत्याबाईंचा जीव अडकला होता हुळ्यात. थंडीत हरभरा भरला की वावरातच झाडं उपटून काट्याकुट्याच्या जाळावर भाजतात, राखेतून घाटे वेचून खातात, त्याला हुळा म्हणतात. सगळं घर धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून खायचं, हात काळे, ओठ काळे. आत्याबाई दाणा तोंडात ठेवून चोखत बसायच्या आणि मग तसाच अख्खा हातावर काढून बाजूला ठेवायच्या. ते चोखलेले दाणे! मी पाहायचं नाही म्हणून दुसरीकडे तोंड करून बसायची. एकदा त्या आपल्याशीच म्हणाल्या, "दात होते तवा हरबरा लोकायच्या वावरातला होता. आता घरचा हाय तं दात नाही." म्हण सगळेच वापरतात. त्यांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी होती. मजुरीने सुरुवात केलेलं घर होतं ते, आणि त्यातली निम्मी मजुरी त्यांची होती.

पुढे मामाजींची कवळी ढिली झाली. बोलताना टकटक वाजायची, शिंक आली की मांडीवर पडायची. मामाजींना वाटलं कवळीच पसरली. त्यांनी हिशेब लावला तो बैलगाडीच्या चाकाचा. उन्हाळ्यात चाकाचं लाकूड सुकून लोखंडी धाव ढिली होते, मग चाक पाण्यात बुडवून ठेवतात, लाकूड फुगतं, धाव घट्ट बसते. तसं त्यांनी कवळी पाण्यात बुडवली. पेल्यात नाही, गुरांच्या हौदात! दिवसभर हौदाच्या तळाशी ते दात हसत पडलेले, वरून बैल पाणी पिताहेत. संध्याकाळी बाहेर काढून तशीच तोंडात. देवा रे! प्लास्टिक काय फुगतं? मग कवळीखाली कापूस भरायला लागले, घरचा, ताज्या वेचणीचा. तो कापूस भिजून, कुजून, त्याचे पिवळे बोळे अंगणात पडलेले असत, आणि झाडायला मी.

नव्वद सालानंतर एका भादव्यात मामाजी गेले. दोन दिवसांच्या तापात गेले. अंगणात तिरडी बांधून तयार आणि आत माणसं वाद घालताहेत, दात घालून न्यायचं की काढून? एक म्हणे प्लास्टिक जळत नाही, घाण सुटते. दुसरा म्हणे अहो, वर जाऊन माणूस बोबडं बोलेल काय? मला हसावं की ओकावं कळेना. शेवटी ह्यांनी कवळी काढली आणि न्हाणीच्या दगडावर ठेवली. हनुवटीला फडकं बांधून मामाजींना नेलं. तेराव्याला त्यांची खाट, जोडे, छत्री रीतीप्रमाणे देऊन टाकली. कवळीचं नाव कोणी काढलं नाही. राखेबरोबर नदीत गेली असेल असं मी धरून चालले. दगड मात्र गोमूत्र टाकून घासला.

दिवाळी झाली. आत्याबाई माझ्यासमोर जेवेनाशा झाल्या. ताट घेऊन कडब्याच्या खोलीत जायच्या. विधवा झाली बिचारी, एकटं बसावंसं वाटत असेल, मी म्हटलं. मग आठवडी बाजारातून मला डिंक आणायला सांगितला. उटनूरकडच्या जंगलातला पांढरा डिंक, भिजवला की बुळबुळीत होतो तो. मी म्हटलं, "घरात बाळंतीण नाही, लाडू कोणासाठी?" त्या म्हणाल्या, "आन तं तू." आणला. कापसाच्या ढिगातूनही मूठमूठ कमी व्हायचा, पण मूठभर कापूस कोण बघतो!

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. दुपारी मी कडबा काढायला त्या खोलीत गेले. आत्याबाई पाठमोऱ्या बसलेल्या, समोर सुपात हुळा, आणि आवाज कुडुम कुडुम. दाणे फुटल्याचा आवाज. मी म्हटलं, "आत्याबाई?" त्या वळल्या आणि माझ्याकडे पाहून हसल्या.

समोर मामाजी बसले होते. तोच पुढे आलेला ओठ, तेच मोठे पांढरे दात, तोच उसाने तिरका झालेला दात, आणि खाली काळे मणी नसलेला बाईचा गळा आणि लुगडं. ओठांच्या कडेने डिंकाची तार लोंबत होती. सूप पुढे सरकवून त्या तोंडाने मला विचारलं, "खाते का?"

मी गोठ्यामागे जाऊन भडाभडा ओकले. दोन दिवस माझ्या पोटात पाणी टिकलं नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडातून काढलेले दात, हौदातले, कुजक्या कापसाचे, ते आता आत्याबाईंच्या तोंडात. मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी आधी मलाच झापलं, "काही बाही बोलू नको मायबद्दल." मग स्वतः पाहिलं आणि जेवण टाकून उठले. आईला एक शब्द बोलले नाहीत. नुसतं तिच्याकडे पाहणं बंद केलं. आईकडे बघायचं नाही, हा त्यांचा उपाय.

संक्रांतीला नणंद आली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिळगूळ द्यायला आईच्या पुढ्यात बसली आणि किंचाळली, "बाबाचे दात घातले व माय तू? बाबाचे?" मग जे रडणं सुरू केलं, ते बाप मेला तेव्हाही एवढं नव्हतं. "गावाले समजलं तं तोंड दाखवाले जागा राहन का? सांगावं तरी कोणाले, आपलेच दात अन् आपलेच ओठ!"

ह्यांनीही तेव्हा तोंड उघडलं. "काढ म्हनतो ना माय. मेलेल्या मानसाची वस्तू हाय ते. शरम वाटू दे जराशी."

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "मेलेल्या मानसाचं वावर तूच पेरून राह्यला ना रे? त्याची बैलजोडी तुह्याकडे. त्याचं घड्याळ तुह्या हातात हाय. हे पोट्टी त्याचा रेडिओ घेऊन गेली. तवा नाही आली कोणाले किळस? मले काय राह्यलं होतं? हेच राह्यले होते दगडावर. मी उचलले."

कवळी टकटक वाजत होती बोलताना. ह्यांचा हात नकळत मनगटावरच्या घड्याळाकडे गेला आणि परत आला. नणंदेने डोळ्यांना पदर लावला. मला त्या क्षणी कसंतरीच झालं. किळस होतीच, ती कुठे जाते? पण आजवर ती म्हातारीच्या तोंडाची येत होती. आता मी समोरच्या दोन धडधाकट, बत्तीस-बत्तीस दातांच्या तोंडांकडे पाहत होते आणि तिथेही ओकारी येत होती.

पुढल्या पंधरवड्यात आत्याबाईंचं तोंड सुजलं. दुसऱ्याच्या जबड्यावर घडवलेली वस्तू ती. डिंक लावा नाहीतर कापूस भरा, ती बसणार कशी? हिरड्यांना जखमा, जखमांत पू. खोलीत पाऊल टाकलं की वास यायचा. तरी काढायला तयार नाहीत. ताप चढला तेव्हा मी ह्यांच्या मागे लागले, दातांच्या कण्या केल्या, आणि शेवटी कागजनगरला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर तेलुगू बोलणारा, आमच्याशी हिंदीत बोलला. त्याने कवळी काढली आणि विचारलं, "अम्मा, ये किसके दाँत हैं?"

आत्याबाई म्हणाल्या, "माहेच हाय."

ह्यांनी छताकडे पाहिलं. मग मी सांगितलं, कोणाचे ते, आणि पुढे ते ढिले कसे झाले होते तेही. डॉक्टरने कवळी खालच्या बादलीत टाकली, आणि दिवा लावून बराच वेळ आत पाहत राहिला. मीही पाहिलं. पहिल्यांदा पाहिलं आत्याबाईंच्या तोंडात, तोंड न फिरवता. लालभडक, सोललेलं, आणि खाली काही नाहीच. जबडा असावा तिथे नुसती सपाट पट्टी.

मी विचारलं, "नये दाँत बैठेंगे क्या?"

त्याने जे सांगितलं ते असं. दात आहेत तोवर जबड्याचं हाड उंच राहतं. दात गेले की हाडाला काम उरत नाही, ते वर्षावर्षाने झिजत जातं. वावराचा धुरा कोणी बांधला नाही तर पाण्याने बसत जातो ना, तसं. तुमच्या सासऱ्यांचं तेच झालं, कवळी पसरली नव्हती, जबडा लहान झाला होता. आणि दात शाबूत असले म्हणून सुटका नाही. वयाबरोबर दातांची कमान आत आवळत जाते, खालचे पुढचे दात दाटी करायला लागतात. "आप भी देखिए," म्हणत त्याने छोटा आरसा माझ्या हातात दिला. मी पाहिलं. माझे खालचे दोन दात एकमेकांच्या अंगावर चढायला लागले होते. लग्नात ती ओळ सरळ होती. मी आरसा परत दिला आणि तोंड मिटलं ते दिवसभर उघडलं नाही म्हटलं तरी चालेल.

आत्याबाईंबद्दल तो म्हणाला, "शेवटचा दात गेला तेव्हाच आणायला पाहिजे होतं. तेव्हा कवळी छान बसली असती. आता खाली धरायला हाडच नाही. वरची बसवून काय करणार? जखमा भरू द्या, आणि मऊ खाऊ घाला."

हे लगेच म्हणाले, "मऊच खाते ते डॉक्टरसाब. आदत है उसको."

सुटल्यासारखे बोलले हो! आदत है! खिशातून खर्ऱ्याची, सुपारी-तंबाखूची, पुडी काढून त्यांनी बोटाने चोळली आणि चिमूट तोंडात टाकलीही. मी त्या माणसाबरोबर संसार केला, वाईट माणूस नव्हता, माझ्यावर कधी हात उचलला नाही. पण त्या क्षणी त्याच्या जबड्याची हालचाल बघून मला त्याची जी शिसारी आली, ती मिसरीची आली नव्हती की हौदाची आली नव्हती.

आत्याबाई खुर्चीतून उतरल्या, पण दाराकडे जाईनात. बादलीपाशी उभ्या राहिल्या. "माहे दात," म्हणाल्या.

"चाल माय. बस जाते."

"माहे दात दे रे."

"हात लावू नको त्या घाणीले! चाल म्हनतो ना!" ह्यांनी त्यांचं मनगट धरून ओढलं. बाहेरच्या बाकावरचे लोक डोकावायला लागले. म्हातारी वाकून बादलीकडे हात नेते आहे आणि मुलगा ओढतो आहे. तिच्या तोंडातून रक्ताची लाळ गळत होती आणि पोराच्या तोंडातून खर्ऱ्याची.

मी पुढे झाले आणि बादलीत हात घातला. त्यात कापसाचे लाल बोळे होते, कोणाकोणाचे उपटलेले दात होते, वर कोणीतरी गुळणी टाकलेली होती. ते सगळं कोमट होतं. हाताला लागेल ते बाजूला सारत मी तळाशी गेले, वरची पट्टी सापडली, मग खालची. दोन्ही बाहेर काढून नळाखाली धुतल्या, माझ्या पदराला पुसल्या आणि आत्याबाईंच्या हातात दिल्या. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी वेडी झाले. बसमध्ये ते आमच्यापासून लांब बसले. आत्याबाईंनी पूर्ण वाटभर ती कवळी ओच्यात धरली होती. मी हात नाकापासून दूर धरून बसले होते.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मला वाटलं आता ह्या पुन्हा डिंक भिजत घालणार. पण त्या घरात आल्याच नाहीत. अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या, पदर खोचला, आणि वरची पट्टी कवेलूवर भिरकावली. मग खालची. दोन्ही खडखडत गेल्या आणि एकीकडे थांबल्या. सुजलेल्या तोंडाने, एकेक शब्द चावत त्या मोठ्याने म्हणाल्या, "उंदरा उंदरा, हे त्याचे घे. माहे मले दे."

ह्या वेळी त्या हसल्या नाहीत. वर बघत उभ्याच राहिल्या, खरोखर काही पडायची वाट पाहावी तशा. आमचे हे ओट्यावरून तोंड वासून बघत होते, आणि मला त्यांचे सगळे दात दिसत होते.